पुढच्या चाकातील घरघर : बेअरिंग बदलूनही आवाज परत येत असेल तर

दुचाकीच्या पुढच्या चाकातून घरघर येते, गॅरेजमध्ये बेअरिंग बदलले जाते, आवाज थांबतो आणि चार-पाच महिन्यांनी तोच आवाज पुन्हा सुरू होतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझी गाडी १५० सीसीची आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक, मिश्रधातूची चाके आणि हबमधील (चाकाच्या मधल्या भागातील) गियरवर केबलने चालणारा वेगाचा काट्याचा मीटर आहे. नाशिकमध्ये इंदिरानगरहून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रोजचे जाणे-येणे अठरा-वीस किलोमीटर होते आणि महिन्यातून एखादी त्र्यंबकेश्वरची फेरी असते. एवढ्या माफक वापरात दहा महिन्यांत तीन वेळा पुढचे चाक घरघरले. दोन वेळा बाहेर दुरुस्ती करून घेतली आणि तिसऱ्या वेळी चाक स्वतः उघडले, तेव्हा कळले की बदललेली बेअरिंगे चांगलीच होती. ती ज्या भागावर टेकतात तो भाग कोणी तपासलाच नव्हता.

पहिल्या वेळेची चूक मात्र माझी होती. जुलैमध्ये त्र्यंबकहून भर पावसात परतल्यानंतर दोन दिवसांनी हलकी गुरगुर ऐकू येऊ लागली. ती ऐकूनही मी जवळजवळ तीन आठवडे गाडी तशीच चालवली, कारण आवाज ताशी तीसच्या खाली जवळजवळ ऐकूच येत नसे आणि महामार्गाच्या उड्डाणपुलावर वाऱ्याच्या आवाजात तो बुडून जात असे. सातपूरमध्ये एका कारखान्याच्या लांब भिंतीलगत गाडी हळू नेताना तो भिंतीवर आपटून परत आला आणि तेव्हा त्याचा खरा अंदाज आला. ही युक्ती कोणालाही उपयोगी पडेल. मोकळ्या रस्त्यावर न जाणवणारा आवाज पक्क्या भिंतीलगत ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने गेल्यास स्पष्ट होतो, आणि हेल्मेटची काच वर केली की तो डाव्या अंगाने येतो की उजव्या, हेही बऱ्याच वेळा समजते.

आवाजाला नाव देणे

मेकॅनिककडे जाऊन केवळ “पुढून आवाज येतो” असे सांगितले की बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते. मलाही तेच मिळाले : “बेअरिंग गेलंय भाऊ, दुसरं काय असणार!” त्याचे निदान चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. मराठीत आवाजांसाठी इतके नेमके शब्द आहेत की ते वापरले तर अर्धे निदान बोलण्यातच होते. वेगासोबत चढत जाणारी सलग घरघर किंवा ‘गूंऽऽ’ असा आवाज प्रामुख्याने बेअरिंगचा किंवा असमान झिजलेल्या टायरचा असतो. हळू वेगात येणारी ‘कुई-कुई’ बहुधा कोरड्या मीटर गियरची किंवा केबलची असते. ठरावीक अंतराने येणारी ‘शूक्… शूक्…’ ही डिस्क किंचित वाकडी असल्याची खूण असते. ब्रेक दाबताच किंवा खड्ड्यात चाक गेल्यावर येणारा एकच ‘टक्’ हा चाकाचा नसून बहुतेक वेळा कोनसेटचा, म्हणजे हँडलच्या दांड्यातील वरखालच्या बॉल रेसचा, असतो. मोकळी खडखड मात्र कशाचीही असू शकते. मडगार्डचा स्क्रू, नंबर प्लेट, ब्रेकच्या नळीची क्लिप. तिच्यासाठी चाक उघडण्याआधी प्रत्येक सुटा भाग हाताने हलवून पाहणे पुरेसे असते.

आवाज कशाशी बांधलेला आहे हे त्यानंतर पाहावे. इंजिनाच्या फेऱ्यांशी, गाडीच्या वेगाशी, ब्रेकशी, हँडल वळवण्याशी की खड्ड्यांशी? चाळीसच्या वेगात क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. इंजिनाचा आवाज खाली उतरला तरी घरघर तशीच राहिली आणि गाडी मंदावेल तशी मंदावली, तर इंजिन निर्दोष समजावे. त्र्यंबक रोडवर बेळगाव ढगा ओलांडल्यानंतर रहदारी कमी असते तिथे मी हे करून पाहिले. उतारावर इंजिन बंद करून आवाज ऐकण्याचा सल्ला काही जण देतात, पण तो मी देणार नाही. किल्ली चुकून पुढे फिरली आणि हँडल लॉक झाले तर पुढचे निदान हाडांच्या डॉक्टरकडे होईल.

आवाज पुढचा आहे याचीही खात्री करून घ्यावी लागते. चौकट धातूची असल्याने मागच्या चाकाची किंवा चेनची घरघर पायांतून आणि टाकीतून पुढे आल्याचा भास होतो. गाडी मुख्य स्टँडवर लावून, मागचे चाक जमिनीपासून सुटे असताना ती गियरमध्ये हळू चालवावी. तिथेही तोच आवाज आला तर तो मागचा आहे, कारण त्या वेळी पुढचे चाक स्थिर असते. या वेळी मागच्या चाकाजवळ हात, ओढणी किंवा लहान मूल येणार नाही याची काळजी घ्यावी.

खडूची रेघ

आता लयीच्या आवाजासंबंधी. सतरा इंची रिमवरील माझ्या टायरचा परीघ सुमारे १.८ मीटर आहे, म्हणजे चाक एकदा फिरते तेव्हा गाडी पावणेदोन मीटरच्या किंचित पुढे जाते. ताशी वीस किलोमीटरला चाकाचे सेकंदाला साधारण तीन फेरे होतात. इतक्या वेगात ‘शूक्’ मोजणे कानाला अवघड जाते, म्हणून टायरच्या बाजूवर खडूने एक ठळक रेघ मारून, गाडी बंद ठेवून ती पार्किंगमध्ये हाताने ढकलत न्यावी. दर फेऱ्याला रेघ त्याच जागी आली की आवाज होत असेल, तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या भागात आहे : डिस्कचा बाक, रिमचा वाकडेपणा, टायरमध्ये रुतलेली खडी किंवा मीटर गियरच्या वाकलेल्या पाकळ्या. आवाज रेघेशी मेळ न खाता मधूनमधून कुठेही होत असेल, तर बेअरिंगचा संशय अधिक बळकट होतो, कारण बेअरिंगमधील गोळ्या आणि त्यांचा पिंजरा चाकाच्या गतीने फिरत नाहीत, त्याहून हळू फिरतात, आणि म्हणून खराब झालेल्या गोळीचा ठोका दर फेऱ्याला नव्या जागी पडतो.

खडीचा उल्लेख सहज केलेला नाही. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीसाठी शहरात रस्त्यांची कामे चालू आहेत आणि ताज्या डांबरावरून गेल्यावर डांबरासकट खडी मडगार्डच्या आतून चिकटते. तिचा थर वाढला की टायर तिला घासतो आणि आवाज हुबेहूब बिघडलेल्या बेअरिंगसारखा येतो. मडगार्डच्या आत बोट फिरवून पाहायला अर्धे मिनिट लागते, पण मी ते तिसऱ्या वेळी प्रथम केले.

चाक उचलून करायच्या तपासण्या

गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर लावावी आणि मागच्या सीटवर कोणाला तरी बसवून पुढचे चाक अधांतरी करावे. आमच्या इमारतीत हे काम माझ्या मुलाकडे असते आणि तो ते आनंदाने करतो. कोणी नसेल तर इंजिनखाली लाकडी ठोकळा देता येतो, मात्र त्याचा भार सायलेन्सरच्या नळीवर किंवा ऑइल काढण्याच्या नटावर येता कामा नये.

प्रथम चाक हाताने फिरवावे. चांगले चाक एका झटक्यात काही फेरे घेते आणि डिस्क असलेल्या गाडीत पॅडचा अगदी हलका, सलग स्पर्श ऐकू येतो. तो दोष नाही. आवाज गोंधळात टाकत असेल तर कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट काढून कॅलिपर बाजूला दोरीने टांगावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये, आणि चाक पुन्हा फिरवावे. आवाज गेला तर प्रश्न ब्रेकचा. पॅडचे घर्षणद्रव्य साधारण दीड मिलिमीटरपर्यंत आले असेल तर ते बदलावे. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या असतील तर त्या साफ करून ब्रेकसाठी असलेले सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने त्यांचे रबर फुगते. डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजून ती त्याहून कमी भरली तर घासून, पुसून काही होत नाही, डिस्क बदलावीच लागते. बाक पाहण्यासाठी डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे उपकरण) हवा, आणि तो नसल्यास फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) नळीला तारेचा तुकडा बांधून त्याचे टोक डिस्कच्या अगदी जवळ आणावे. चाक फिरवताना फट कमी-जास्त होते ती डोळ्यांना दिसते. बहुतेक गाड्यांमध्ये ०.३ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो. एक सूचना राहून जाते ती इथेच देतो : चाक किंवा कॅलिपर काढलेला असताना ब्रेकचा लिव्हर कोणीही दाबू नये, अन्यथा पिस्टन बाहेर येतात आणि काम दुप्पट होते.

ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हीच तपासणी ब्रेकची केबल पूर्ण ढिली करून करावी. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने फुंकू नये. जुन्या शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

त्यानंतर कोनसेट. फोर्कची खालची दोन टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवावीत. ‘टक्’ असे जाणवले तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल अगदी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवावे आणि सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडखळते का ते पाहावे. अडखळत असेल तर रेसमध्ये गोळ्यांचे खड्डे पडलेले आहेत आणि नट आवळून हा दोष जात नाही. आवळून घेणारे मेकॅनिक भरपूर भेटतात; त्यानंतर हँडल जड होते आणि गाडी सरळ चालण्याऐवजी डावी-उजवीकडे भरकटते.

शेवटी चाक वरून आणि खालून धरून त्याच्या मधून आरपार जाणाऱ्या अ‍ॅक्सलच्या दिशेने आडवे हलवावे. येथे जाणवण्याइतकी कोणतीही हालचाल असता कामा नये. मात्र माझ्या गाडीत ती नव्हती, आणि म्हणूनच दुसऱ्या वेळी मेकॅनिकने “बेअरिंग एकदम टाइट आहे, मीटर गियरच खराब असेल” असे सांगून बेअरिंगसोबत मीटर गियरही बदलला. बेअरिंग घट्ट आहे म्हणजे ते चांगले आहे, ही समजूत इथे फसते.

मीटर गियरला मात्र थोडी जागा द्यायला हवी, कारण त्याच्यावर खोटा आळ फार येतो. मीटरची केबल चाकाच्या बाजूने सोडवून शंभर मीटर गाडी चालवावी. कुईकुई बंद झाली तर दोष केबलमध्ये किंवा वर मीटरमध्ये आहे, आणि केबलच्या आतील तार काढून, पुसून, हलके ग्रीस लावून बसवली की काम होते. काटा थरथरत असेल तर हे जवळजवळ नक्कीच समजावे. केबल काढूनही आवाज राहिला तर हबमधील गियर कोरडा आहे किंवा त्याच्या पाकळ्या हबच्या खाचांत नीट न बसवता अ‍ॅक्सल आवळल्यामुळे वाकल्या आहेत. चाक बसवताना मीटर गियरचा डबा हाताने किंचित फिरवून पाकळ्या खाचेत पडल्याची खात्री करणे आणि मगच अ‍ॅक्सल पुढे सारणे, एवढी दक्षता घेतली तर हा बिघाड होतच नाही.

नट ढिला, नट आवळलेला

ज्या तपासणीने माझा प्रश्न सुटला ती इतकी साधी आहे की ती कोणी का करत नाही याचे मला अजून आश्चर्य वाटते. चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलचा नट दोन-तीन आटे ढिला केला आणि चाक फिरवले. ते मोकळे, बिनआवाजी फिरले. एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचे टोक फोर्कच्या खालच्या टोकाला अ‍ॅक्सलजवळ टेकवले आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. आत फक्त वाऱ्यासारखी सळसळ होती. मग नट नेहमीइतका आवळला आणि चाक पुन्हा फिरवले. ते दीड फेऱ्यात थांबले आणि स्क्रूड्रायव्हरमधून जात्यावर कोरडे धान्य भरडल्यासारखी करकर कानात आली. नट ढिला, सळसळ. नट आवळला, करकर. चार वेळा केले, चारही वेळा तेच झाले.

याचा अर्थ समजण्यासाठी हबच्या आतील मांडणी डोळ्यांसमोर आणावी लागते. हबच्या दोन बाजूंना दोन बेअरिंगे ठोकून बसवलेली असतात आणि त्यांच्या मध्ये एक पोकळ नळी असते, जिला दुकानात स्पेसर किंवा डिस्टन्स कॉलर म्हणतात. अ‍ॅक्सल या सर्वांच्या आरपार जातो. नट आवळला की बाहेरचे बुश, दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या आणि मधली नळी ही सर्व एकाच सळईत ओवलेल्या मण्यांप्रमाणे एकमेकांवर दाबली जातात. नळीची लांबी योग्य असेल तर तो सगळा दाब नळी झेलते आणि बेअरिंगांना त्याची झळ लागत नाही. नळी आखूड असेल तर आतल्या दोन कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, बाहेरच्या कड्या मात्र हबमध्ये आपापल्या जागी घट्ट बसलेल्या राहतात, आणि गोळ्या खाचेच्या मध्यातून धावण्याऐवजी तिच्या काठाला रेटून धावू लागतात. हे बेअरिंग प्रामुख्याने वरून येणारा भार पेलण्यासाठी असते. असा सततचा आडवा दाब त्याला काही हजार किलोमीटरांत संपवतो. चाक मात्र हातात घट्ट लागते, आडवी हालचाल शून्य, आणि तपासणारा फसतो.

आमच्या टूलरूममधील एका ज्येष्ठ फिटरना हे सांगितले तेव्हा त्यांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, “नळी मोजलीत का?” मी मोजली नव्हती. त्या रविवारी चाक काढले. नळीचे एक टोक निस्तेज आणि सपाट होते. दुसरे आरशासारखे चकाकत होते आणि त्याच्या कडेला नखाला अडकेल अशी पातळ धार आलेली होती. नवी नळी आणून दोन्ही व्हर्निअरने मोजल्या तेव्हा जुनी ०.६ मिलिमीटरने आखूड भरली. पोस्टकार्ड दुमडल्यावर होते तेवढाच हा फरक, पण नटाच्या आवळणीसमोर तो फार मोठा.

नळी आपोआप आखूड होत नाही. जुलैतल्या त्या तीन आठवड्यांत पाणी शिरून गंजलेले पहिले बेअरिंग इतके जड झाले होते की त्याची आतली कडी अ‍ॅक्सलवर स्थिर राहण्याऐवजी चाकासोबत फिरू लागली आणि नळीच्या टोकावर सहाणेसारखी घासत राहिली. मी आवाजाकडे दुर्लक्ष केले ते तेव्हा. पुढच्या दोन्ही नव्या जोड्या त्याच झिजलेल्या नळीवर बसवल्या गेल्या आणि प्रत्येक जोडी सुमारे अडीच हजार किलोमीटर टिकली.

बसवताना

माझ्या हबमधील बेअरिंग ६३०१ या आकाराचे आहे, म्हणजे भोक १२, बाहेरचा व्यास ३७ आणि जाडी १२ मिलिमीटर. आपल्या गाडीचा आकार जुन्या बेअरिंगच्या कडीवर कोरलेला असतो, तो वाचून घ्यावा. अंदाजाने मागू नये. आकड्यापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असते आणि टूआरएस असेल तर रबराचे सील. पत्र्याचे झाकण धूळ अडवते पण पाणी फारसे अडवत नाही, म्हणून त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात जाणाऱ्या गाडीसाठी मी रबर सीलचाच आग्रह धरीन. किमतीतला फरक चहा-मिसळीच्या आत असतो. खोके उघडून बेअरिंगवरचे कोरीव नाव आणि आकडा स्पष्ट आहे ना हे काउंटरवरच पाहावे, कारण नकली माल बाजारात आहे.

जुने बेअरिंग काढताना नळी किंचित बाजूला सरकवून पलीकडून लांब पंचाने आतल्या कडीवर चारी बाजूंनी थोडे थोडे ठोकावे लागते. असे काढलेले बेअरिंग, ते कितीही चांगले वाटले तरी, पुन्हा वापरू नये. आतल्या कडीवर बसलेले घाव गोळ्यांमार्फत खाचेत उमटलेले असतात. नवे बसवताना याच्या उलट, फक्त बाहेरच्या कडीवर दाब यायला हवा. त्यासाठी बाहेरच्या कडीएवढ्या व्यासाचा बॉक्स पाना किंवा जुने बेअरिंगच मध्ये ठेवून ठोकावे. मी हब उकळत्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दहा मिनिटे गरम केला आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते. पहिले जवळपास हाताच्या दाबाने अर्धे आत गेले. घरच्यांनी फ्रीजरमधील मटारांशेजारी बेअरिंग पाहून जे म्हटले ते इथे लिहीत नाही.

बसवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. एका बाजूचे बेअरिंग, कोणत्या बाजूचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते, तळाला टेकेपर्यंत बसवायचे, मग नळी घालायची आणि दुसरे बेअरिंग नळीला टेकेपर्यंतच ठोकायचे. ते हबच्या तळाला टेकवण्याच्या नादात आणखी ठोकले तर नवी नळी असूनही तोच आडवा दाब तयार होतो. तपासण्याची पद्धत अशी : अ‍ॅक्सल घालण्यापूर्वी भोकातून बोट घालून नळी आडवी ढकलून पाहावी. थोडा जोर लावल्यावर ती सरकली तर बरोबर. खुळखुळत असेल तर बेअरिंग पुरेसे आत गेलेले नाही. अजिबात हलत नसेल तर जास्त ठोकले गेले आहे. हबमध्ये बेअरिंग ठोकण्याची गरजच पडली नाही, ते गार हबमध्येही बोटांनी आत सरकले, तर हबची जागा झिजलेली आहे. अशा वेळी अंबड किंवा सातपूरमधील चांगल्या लेथवाल्याकडून जागा वाढवून आत बुश बसवून घेता येते, पण मध्यभाग जरासाही चुकला तर चाक वेडेवाकडे फिरेल, म्हणून हब किंवा चाक बदलण्याचा हिशेब आधी करावा.

चाक चढवल्यावर नट पूर्ण आवळण्यापूर्वी गाडी स्टँडवरून उतरवून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबावा, म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्या अ‍ॅक्सलवर सरळ बसतात. मग नट मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा आणि निघण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत पंप करावा.

पाण्याचा माग

मूळ पाणी कुठून आले, हा प्रश्न उरतो. पावसाचे पाणी हबवरून ओघळते. ते सहसा सील ओलांडत नाही. खरा घात वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने होतो, असे माझे मत आहे. धुणारा मुलगा चिखल निघावा म्हणून फवाऱ्याचे टोक थेट हबच्या मध्यावर आणतो, आणि तो दाब सीलच्या ओठाखालून पाणी आत ढकलतो. धुतल्यानंतर गाडी आठवडाभर उभी राहिली तर गंज आपले काम शांतपणे करतो. मी आता गाडी बादली आणि ब्रशने धुतो, आणि कधी बाहेर द्यावीच लागली तर हबपासून फवारा लांब ठेवायला आधीच सांगतो. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जाऊन आलेली गाडी दुसऱ्या दिवशी थोडी चालवतो, उभी ठेवत नाही. तुंबलेल्या पाण्यातून गाडी न्यावी लागली आणि ते अ‍ॅक्सलच्या वर होते, तर मात्र बेअरिंगचे सील लवकरात लवकर उघडून पाहणे योग्य. आत तपकिरी, चहासारखे ग्रीस दिसले तर ते बेअरिंग बदलावे, पुन्हा ग्रीस भरून चालवू नये.

दुसऱ्या शक्यता थोडक्यात. टायर लाटांसारखा झिजला असेल तर गूंगूं आवाज डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताना बदलतो. बेअरिंगचा बदलत नाही. तारांच्या चाकात प्रत्येक स्पोक पान्याने हलके वाजवावा. ढिला स्पोक बद्द वाजतो. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत, आणि १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना ते १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक आहे, चाक काढता-घालताना त्याची वेग मोजण्यासाठीची दातेरी कडी वाकली किंवा सेन्सरला घासू लागली तर घासण्याच्या आवाजासोबत मीटरवर दिवाही लागतो.

नवी नळी आणि नवी बेअरिंगे घातल्याला आता साडेसात हजार किलोमीटर झाले आहेत. दर दोन महिन्यांनी चाक उचलून नट ढिला-आवळलेला अशी तपासणी करतो, आणि स्क्रूड्रायव्हरमधून दोन्ही वेळा तीच सळसळ येते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोनशे मीटरमध्ये पुढून खर्रखर्र येते, ती रात्रीतून डिस्कवर चढलेल्या तांबूस गंजाची असते. इंदिरानगरच्या पहिल्या दोन-तीन गतिरोधकांवर ब्रेक लावले की ती जाते, आणि तिच्यासाठी चाकाला पाना लावू नये.